बोलका नको

“पिल्लूच घ्या, बाबा,” सून पुन्हा म्हणाली. “बोलका नको, असं तुमच्या मुलानं बजावलंय.”

पक्षीवाल्या बाईंच्या दारातल्या पायपुसण्यावर सासरे चपला घासत उभे होते. इतका वेळ, की शेवटी बाईच म्हणाल्या, “या काका, पुरे झालं.”

पुढच्या खोलीत विकायची पिल्लं होती. बाईंनी टोपलीतून एक उचललं आणि सुनेच्या ओंजळीत ठेवलं. राखाडी, उबदार, डोळे अजून काळेभोर. सिरिंजनं कोमट लापशी भरवली की गळ्याखालची पिशवी टम्म फुगायची. सून जागच्या जागी विरघळली.

“तुम्ही शिकवाल तेवढंच बोलेल,” बाई म्हणाल्या. “कोरी पाटी.”

कोरी पाटीच हवी होती. घरात पक्षी आणायचा विषय निघाला तेव्हा तिचा नवरा भरल्या ताटावरून उठला होता. कारण तिला ऐकून माहीत होतं. तिच्या लग्नाआधी सासूबाई गेल्या, आणि त्याच आठवड्यात त्याच्या हातून गॅलरीची जाळी उघडी राहून त्यांचा पोपट उडाला. “आईनं जाताना एवढं एकच माझ्यावर सोपवलं होतं,” तो एकदा म्हणाला होता. नंतर कधीच नाही. जाळी मात्र अजूनही रोज झोपताना दोनदा ओढून बघायचा.

पण बाबांचंही बघायला हवं होतं. दोघं कामावर गेली की ते दिवसभर एकटे, आणि अलीकडे भिंतींशी बोलायला लागलेले. डॉक्टर म्हणाले, सोबत द्या. तेव्हा कुठे नवरा कबूल झाला. पिल्लू आणा, म्हणाला. दुसऱ्या कुणाचं काही न शिकलेलं.

“मागचे बघायचेत,” सासरे म्हणाले.

मागच्या खोलीत लोकांनी आणून सोडलेले मोठे पक्षी होते. कोपऱ्यातल्या राखी पोपटानं छातीची पिसं स्वतःच उपटून काढली होती. डोळे पिवळे. दार करकरलं तसा तो म्हाताऱ्या बाईच्या आवाजात म्हणाला,

“आलास का, भुतोबा? पाय पूस आधी!”

सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिला हसू फुटलं. “घ्या! बिनसासूचं घर मिळालं म्हणून मैत्रिणी माझ्यावर जळतात, आणि इथे आयती सासू बसलीय.”

सासरे हसले नाहीत.

“खोकतोही,” बाई म्हणाल्या. “दिवे मालवले की सुरू. मालकीण बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर घरच्यांना तो खोकला ऐकवेना.”

“नको गं बाई! मेलेल्या माणसाचा खोकला कोण घरी नेतं? चला बाबा.” बोलता बोलता तिनं गजांना बोट लावलं. पोपटानं चोच मारली आणि ती किंचाळून मागे सरली.

“पोरी, मी सत्तरीचा,” सासरे म्हणाले. “पिल्लू पन्नास-साठ वर्षं जगतं, तुम्हा दोघांनाही पुरून उरेल. माझ्यामागे त्याची उस्तवार कोण करणार? तुझ्या नवऱ्याला तर पक्षी डोळ्यांसमोर नको. याचं माझ्यासारखंच, बरंचसं उरकलंय.”

सासऱ्यांनी खिशातून शेंग काढली, सोलली, दाणा पुढे धरला. पोपटानं तो हळूच घेतला आणि मान वाकवली. ते त्याच्या मानेमागे खाजवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तुमचं बरं जमलं की लगेच!” सून म्हणाली.

“या वेळी नक्की ना, काका?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे? आधीही येऊन गेलात, बाबा?”

“दोन-तीनदा,” सासरे म्हणाले. “दारातूनच माघारी फिरलो.”

घरी येताना पिंजरा त्यांच्या मांडीवर होता. सुनेनं मनाविरुद्ध होकार दिला होता, आणि आता नवऱ्यापुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं ते कळत नव्हतं.

“मी सांगते त्याला,” ती म्हणाली.

“नको. ते मीच सांगायला हवं. फार दिवस राहिलंय.”

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. तिनं घाईघाईनं पिंजऱ्यावर ओढणी टाकली. तिचा नवरा वायरमन. दिवसभर भिंती फोडून वायरी घातलेल्या, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढराफटक. तो थेट आत आला.

सासरे उठून उभे राहिले. “अरे, ती जाळी तुझ्या हातून...” त्यांनी सुरुवात केली.

ओढणीखाली कुणीतरी खोकलं.

“आलास का, भुतोबा? पाय पूस आधी!”

तो जागीच थांबला. आता भडका उडणार, असं सुनेला वाटलं. पण तो मुकाट मागे सरला, दारातल्या पायपुसण्यावर एक पाय पुसला, मग दुसरा, आणि तिनं कधीच न ऐकलेल्या लहान मुलाच्या आवाजात म्हणाला,

“पुसले गं, आई.”