खोक्यांवरचं भाकीत

"खोक्यांची मागणी दुप्पट! म्हणजे सहा महिन्यांत तेजी येणारच," संशोधन संस्थेचा साहेब फॉर्म भरता भरता म्हणाला. कारखाने आधी खोकी घेतात आणि मग माल बाहेर काढतात, हा त्याचा सिद्धान्त.

होनरावबाई आपल्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याला घड्या घालत ऐकत होत्या. हा दर महिन्याला यायचा, किती खोकी गेली एवढंच विचारायचा आणि पेपरात देशाचं भविष्य सांगायचा. याच्यापेक्षा पोपटवाला ज्योतिषी बरा, तो निदान गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तरी बघतो.

"खोकी कशाला नेली, ते नाही विचारलंत?"

"फॉर्मात तो रकानाच नाही, बाई. आणि तुम्हाला यातलं काय कळणार?"

"शेजारच्या तीन कारखान्यांनी गाशा गुंडाळायला नेली, एवढं कळतं."

"अपवाद असतात," साहेब हसला.

बाईंनी सुतळीने बांधलेला गठ्ठा त्याच्या पायाशी ढकलला. "मग हाही अपवाद घेऊन जा. तुमच्याच संस्थेची ऑर्डर आहे. ऑफिस बंद होतंय, माणशी एक खोकं सांगितलंय."

साहेबाचं पेन थांबलं.

"मोजून घ्या," बाई म्हणाल्या. "तेवढं येतं तुम्हाला."