आण्याच्या पठारावर तीन फेऱ्या

"बॅटऱ्या जोडा!" दादाभाऊ पंच ओरडले आणि ऋतिका आपल्या ड्रोनवर वाकली.

आण्याच्या पठारावर सकाळीच सारं गाव लोटलं होतं. टोमॅटोच्या दोन क्रेट पालथ्या घातल्या होत्या. एकीवर तिचा ड्रोन, दुसरीवर ओझरच्या सार्थकचा. आजची शर्यत जिंकून पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला इथून एकच जण जाणार होता. गेल्या वर्षी शेवटच्या कमानीत ऋतिका वीतभर मागे राहिली आणि सार्थक गेला. तेव्हापासून वर्षभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. प्लायवूड तिनेच कापलं, मोटारी तिनेच बसवल्या, तीनदा मोडलं, चारदा जोडलं. यंदा पुणं हवंच होतं.

तिने बॅटरी जोडली. तेवढ्यात तिची आई, रतनबाई, ताट घेऊन पळत आली.

"थांबा, थांबा! भंडारा लावल्याबिगर उडवायचं न्हाई!"

रतनबाईंच्या घरची ही जुनी रीत. मेंढरं बाहेर काढायची असोत नाहीतर दारात ट्रॅक्टर यायचा असो, बिरोबाच्या नावाने भंडारा आधी. तिथे कुणाची मात्रा चालत नसे.

"अगं आई, पंखे फिरले तर बोटं जातील तुझी!" ऋतिकाने घाईघाईने बॅटरीची वायर उपटली. "आन कॅमेऱ्यावर नको टाकू."

रतनबाईंनी यथासांग ओवाळलं. मग शेजारच्या क्रेटकडे वळल्या. "तुझ्यालाबी लावते रं पोरा."

"माझ्यावर लांबूनच उधळा, काकी," सार्थक खुर्चीतून हसला. तो केव्हाचा तयार होऊन बसला होता.

"आवरा राव! वारं सुटलं म्हंजी लई वांदा व्हईल," दादाभाऊंनी शिट्टी तोंडाशी नेली. "आन समद्यांनी ऐका. शिट्टी झाली की उडवणाऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई. लावला तर त्यो गडी बाद."

ऋतिका धावत आपल्या खुर्चीत येऊन बसली. गॉगल चढवला. ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते याच गॉगलात दिसायचं, पण आत नुसत्या मुंग्या! जुना गॉगल, त्याची ही खोड तिला ठाऊक होती. हवेत जे चित्र सापडेल ते पकडणारं बटण तिने दाबलं. क्षणभर खरखर झाली आणि समोर पहिली कमान उभी राहिली. इतकं लख्ख चित्र तिला कधीच मिळालं नव्हतं.

शिट्टी!

जमीन खाली गेली. पहिली कमान सुर्रकन मागे पडली. दुसरी. तिसरी! ठिबकच्या पायपांच्या त्या अरुंद कमानी आज वेशीएवढ्या रुंद वाटत होत्या. ड्रोन असा कधी उडालाच नव्हता. तिचं बोट हलायच्या आधीच तो वळत होता, मनातलं ओळखल्यासारखा!

बाभळीला ती नेहमी वरून वळसा घालायची. आज ड्रोन खालून निसटला, फांदीला चाटून. हात आपसूकच तसा वळला असणार, आणि बरंच झालं की, केवढा वेळ वाचला!

पुढे कुणी नव्हतं. कानावर एकाच ड्रोनची घरघर येत होती. सार्थक पार मागे पडला होता.

"ऋतिका! ऋतिका!" गाव बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

तिला हसू फुटलं. आजवर या गावाने तिच्या नावाने नुसती नाकं मुरडली होती.

"ऋतिका, अगं पोरी..." आईचा आवाज अगदी जवळ आला.

"रतनबाई, मागं! हात लावायचा न्हाई!" दादाभाऊ गरजले.

"आई, आत्ता नको!" ऋतिकाने मान झटकली.

दुसरी फेरी संपली. तिसरी सुरू झाली. बाभूळ पुन्हा खालून. असं वाटत होतं की ही शर्यत संपूच नये. शेवटची कमान आली. गेल्या वर्षी इथेच तिचा घात झाला होता. तिने श्वास रोखला. ड्रोन कमानीच्या बरोबर मधून, बाणासारखा पार झाला.

"जिंकले! आई, मी पुण्याला चालले!"

तिने दोन्ही हात वर फेकले. रिमोट मांडीवरून घसरून गवतात पडला.

ड्रोन मात्र पडला नाही. तो ऐटीत माघारी वळला आणि सावकाश माणसांच्या दिशेने येऊ लागला. चित्रात दोन खुर्च्या आल्या. एकीत सार्थक रिमोटवर बोटं फिरवत होता. दुसरीत गॉगल लावलेली, दोन्ही हात वर केलेली मुलगी होती. आणि तिच्या पुढ्यात, पालथ्या क्रेटवर, तिचा प्लायवूडचा ड्रोन तसाच बसलेला होता.