झीलकरी

शाहीर धर्माजींनी रेकॉर्ड कंपनीत गायलेल्या पोवाड्याची तबकडी ऐकायला सगळी चाळ फोनोभोवती दाटली. सुई टेकली आणि आवाज निघाला म्हादबाचा! जन्मभर त्यांच्या मागं उभं राहून झील धरणाऱ्या म्हादबाचा.

शाहिरांनी गर्रकन वळून पाहिलं. म्हादबा दारातच उभा होता.

"तुम्ही गिरणीच्या संपात गायलात, शाहीर. कंपनी म्हणाली, लालभाईचा आवाज नको. मग मलाच पुन्हा गायला लावलं."

"तूपण होतास की संपात!"

"झीलकऱ्याचं नाव कोण विचारतंय? मी नसतो गायलो, तर पोवाडाच पुसला गेला असता."

शाहिरांचा हात उगारला गेला. तेवढ्यात कडवं संपलं आणि तबकडी क्षणभर मुकी झाली. झील धरायला तिथं कुणीच नव्हतं.

उगारलेला हात आपसूक कानावर गेला आणि शाहिरांच्याच गळ्यातून निघालं, "जी रं जी जी!"