सदतीस कागद

शिवणखात्यात बाहेरून एक बाई आल्या आणि त्यांनी मशीनवरच्या आम्हा सगळ्यांना एकेक कागद वाटला. प्रश्न एकच होता, अडचण आली की आधी कोणाकडे जाता? सही करायची नव्हती. आम्ही सदतीस जणींनी तपासणीच्या टेबलावरच्या ताईचं नाव लिहिलं. मी तर पुढे 'देवमाणूस' असंही लिहिलं.

बाईंनी त्याचा नकाशा काढून साहेबांना दिला. सगळे बाण ताईकडे जात होते, साहेबांकडे एकही नाही.

आठवड्याभरात ताईला घरी बसवलं. डबा पिशवीत टाकताना ती माझ्याजवळ थांबली.

"साहेब म्हणाले, तुझ्या नावाचे सदतीस कागद आलेत. मी तुमचं काय वाकडं केलं होतं गं?"

खरं काय ते सांगायला मी उठले, तर दारात साहेब उभे होते. मी खाली बसले आणि मशीन सुरू केली. ताई बाकीच्यांकडेही बघत गेली. एकीनेही मान वर केली नाही.

महिन्याने बाई पुन्हा तोच कागद घेऊन आल्या. या वेळी सदतीस जणींनी साहेबांचं नाव लिहिलं. पुढे 'देवमाणूस' लिहायला मी विसरले नाही.