शेजारचा रिमोट

सत्यशीलाकाकूंची मालिका रंगात आली की चॅनल आपोआप कुस्तीवर जायचं. आज तर नायिकेचं लगीन होतं, म्हणून त्यांनी डिशवाल्या उत्तरेश्वरला घरी बोलावलं.

"काकू, तुमच्याच डिशचं चित्र तिकडं दावणारा वायरलेस डब्बा तुमीच शेजारी दिलाय. मग त्यांचा रिमोट तुमच्या टीव्हीवर चालणारच की."

"आरं, बद्रीनाथ बायकापोरं घिऊन ऊसतोडीला गेलाय. कुलपाची चावी माज्यापाशी हाय."

दोघांनी जाऊन घर उघडलं. टीव्ही बद्रीनाथनं ट्रकवर टाकून नेलता. वीज तोडलेली. कोनाड्यात नुसता डब्बा आणि रिमोट. ते दोन्ही उत्तरेश्वरनं काकूंच्या घरी आणले, रिमोटचे सेल काढून खिशात टाकले. शेजारच्या दाराला काकूंनी परत कुलूप घातलं.

"बघा आता लगीन निवांत."

भटजी "सावधान" म्हणाले आणि कुस्ती सुरू झाली.

"हेच शिकलास का रं अंबाजोगाईला?" काकू म्हणाल्या.

उत्तरेश्वर लई चिडला. मधल्या भिंतीवर थाप मारून वरडला, "कोण हाय बे तिकडं?"

टीव्हीचा आवाज हळूहळू कमी झाला. दारात कुणी आलं की आपण करतो, तसा.