मेमरी पुरेशी नाही

जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि बाई त्याच्याकडे बघत एका दुकानदाराला शिव्या घालत होत्या.

"चोर होता मेला."

"मेलाच की आता," नवरा भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "गेलेल्या माणसाला किती बोलशील? जाऊ दे ना."

दुकानदार गेल्या वर्षी वारला होता. बाईंच्या रागात त्यामुळे काही खंड पडला नव्हता. बावीस वर्षांचा मुरलेला राग तो.

तेव्हा बाई शाळेत शिकवता शिकवता डॉक्टरेट करत होत्या. विषय होता, मुलं खोटं कसं बोलतात. बाईंचा त्यात हातखंडा होता. वर्गात कुणी थाप मारली की फळ्याकडे तोंड असतानाही त्यांना कळत असे. तीन प्रकरणं या कॉम्प्युटरवर सुरळीत झाली. चौथं संपत आलं आणि एका सकाळी पडद्यावर पाटी आली: मेमरी पुरेशी नाही. फाइल उघडेना. ती इतकी फुगली होती की फ्लॉपीतही मावत नव्हती.

नवरा टेलिफोन खात्यात इंजिनिअर. त्याने झाकण काढून आत पाहिलं आणि सांगितलं, मेमरीच्या आठ चिपांपैकी चार जळाल्यात. त्या उपटून आपण कचऱ्यात टाकल्याही, म्हणाला.

तिथेच घोटाळा झाला. दुकानदार विकलेल्या प्रत्येक चिपेवर ठिपका देत असे आणि ठिपक्याची चिप वर्षभर बदलून देत असे. कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी त्याचं पेन सुकलं होतं, म्हणून बाईंनी पर्समधून जांभळ्या नेलपॉलिशची बाटली काढून आठही ठिपके स्वतःच्या हाताने दिले होते. दुकानदार तेव्हा हसून म्हणाला होता की ही खूण कुणाच्या बापाला जमायची नाही.

बाई तक्रार घेऊन गेल्या तेव्हा तो म्हणाला, ठिपक्याच्या चिपा आणा, लगेच बदलून देतो. कचरागाडी तर केव्हाच येऊन गेलेली. बाईंनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटलं. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "बाई, माझा माल जळत नाही."

नव्या चिपा परदेशातून यायला चार महिने लागत. प्रबंधाची मुदत तीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात बाईंसाठी जवळजवळ राखून ठेवलेली जागा होती, ती त्यांच्याबरोबर शिकलेल्या एकीला मिळाली. बाई शाळेतच राहिल्या. त्या दुकानासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडत. दुकानदार गेला त्या दिवशी सगळ्या गल्लीने दुकानं बंद ठेवली. बाईंनी घरातले पडदे धुवायला काढले.

नवरा मात्र त्या काळात फार समजूतदारपणे वागला. महिनाभर सकाळचा चहा त्यानेच केला. त्या दुसऱ्या शहराचं नावसुद्धा घरात काढलं नाही.

आणि आता, बाई निवृत्त झाल्यावर, विद्यापीठाने प्रबंध अर्धवट राहिलेल्या जुन्या संशोधकांना एक शेवटची संधी दिली होती. मुदत या महिनाअखेरपर्यंत. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. एकाने सांगितलं की ही डिस्क फक्त याच मशीनमध्ये चालेल. दुसऱ्याने ते मशीन संग्रहालयाला द्यायचा सल्ला दिला. बाई दोन दिवस भांडी आपटत होत्या.

तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "मी करतो."

जुन्या वस्तूंच्या कुठल्याशा शौकिनाकडून चार चिपा पोस्टाने मागवल्या असं तो म्हणाला, आणि कामाला लागला. पूर्वी चिपा उपटताना बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडले होते. तिथे त्याने केसासारख्या तारा सोल्डर केल्या, नव्या बैठका बसवल्या, त्यात चिपा दाबल्या. क्रम चुकू नये म्हणून त्यांच्यावर कागदाची लेबलं चिकटवली, पाच ते आठ. शेजारच्या जुन्या चारांवर बाईंचे जांभळे ठिपके अजून दिसत होते. ते पाहून बाईंचं डोकं पुन्हा तापलं.

"निदान ह्या चार तरी खऱ्या दिल्या मेल्याने."

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. त्याच्या हातून सोल्डरचा थेंब टेबलावर पडला. एरवी यावर अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं. बाईंनी फक्त फडकं आणून दिलं.

आठव्या दिवशी दुपारी मशीन घरघरलं. पडद्यावर पाटी आली नाही. चौथं प्रकरण आलं.

बाई खुर्चीत बसल्या त्या तीन तास उठल्या नाहीत. शेवटच्या पानावर अर्धं राहिलेलं वाक्य होतं. ते त्यांनी पुरं केलं, मग चष्मा काढून पुसला.

"तुम्ही नसतात तर हे काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी इतक्या मऊ आवाजात काही म्हटलं नव्हतं.

नवरा उठला. "चहा टाकतो," म्हणाला आणि आत गेला.

झाकण अजून उघडंच होतं. तीन तासांच्या उष्णतेने सहा नंबरच्या लेबलाचा कोपरा सुटला होता. वहीचं सुटलेलं लेबल बाईंना कधीच बघवत नसे. त्यांनी मशीन बंद केलं आणि ते नीट बसवायला अंगठा टेकवला. लेबल अंगठ्यालाच चिकटून आलं.

बाईंनी चिपेवर वाकून पाहिलं. मग उरलेली तीन लेबलं त्यांनी नखाने एकेक करून काढली.

"आलं घालू ना?" आतून आवाज आला.

बाई जांभळे ठिपके मोजत होत्या. आठ भरले.