वारुळातले आजोबा

लेकीचा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. वैदूने पाण्यात मेण ओतलं आणि थिजलेला आकार पाहून मान हलवली. “लिगाया, पोरीने वारूळ तुडवलंय. आतले आजोबा कोपलेत. भात ठेव, माफी माग.”

लिगाया भात घेऊन धावत सुटली. फिलिपिन्सच्या त्या खेड्यात वारुळात न दिसणारे, बुटके आजोबा राहतात असं मानत; “आजोबा, वाट द्या हो,” म्हटल्याशिवाय वारुळाजवळून कुणी जात नसे.

वारुळाच्या जागी आता चर्चचं कोरं काँक्रीटचं अंगण होतं.

“वारूळ? कालच सपाट केलं,” फादर म्हणाले. “मरियामातेला साकडं घाल, बाई.”

“तिला घातलंच आहे, फादर. पण रागावलेत ते आजोबा. आता कुठे भेटतील?”

लिगाया वाडगा ठेवायला वाकली आणि थबकली. कदाचित ती त्यांच्यावरच उभी होती. “आजोबा, वाट द्या हो,” ती पुटपुटली, पण तिला पाऊल काही उचलवेना.